भीती वाटणाऱ्या जादूची कादंबरी स्वतः प्रकाशित करताना

सप्टेंबर २०२५ मध्ये माझी ‘खारओल’ ही कादंबरी छापून वाचकांच्या हाती गेली. ४१६ पृष्ठांची ही अद्भुतरम्य कादंबरी वेणा नावाच्या सोळा वर्षांच्या मुलीची आहे. तिच्या हातात आजार उतरवण्याची शक्ती आहे, आणि त्याच शक्तीमुळे सात खाड्यांच्या त्या प्रदेशातली माणसे तिला पाहून दारे लावून घेतात. लेखिका मी आहे आणि प्रकाशकही मीच आहे. मराठीत एवढ्या विस्ताराची अद्भुतरम्य कादंबरी लिहून ती स्वखर्चाने काढायची असेल तर कोणत्या कार्यालयात काय द्यावे लागते, किती थांबावे लागते आणि किती पैसे लागतात, याची सलग माहिती मला सुरुवातीला एका ठिकाणी मिळाली नव्हती. ती माहिती जशी घडत गेली त्या क्रमाने येथे नोंदवत आहे. लेखनाचा भाग मुद्दाम जास्त विस्ताराने लिहिला आहे, कारण पुढच्या प्रत्येक टप्प्यावर, मुखपृष्ठापासून मलपृष्ठावरच्या मजकुरापर्यंत, त्याच भागातले प्रश्न पुन्हा समोर आले.

मी ठाण्यात राहते आणि ऐरोलीत नोकरी करते. ऐरोली पुलावरून जाताना दोन्ही बाजूंना खाडी आणि कांदळवन दिसते, आणि मुलुंड-भांडुपच्या बाजूची मिठागरेही दृष्टीस पडतात. २०२१ च्या पावसाळ्यात ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याच्या वडिलांशी माझे बोलणे झाले. ते आगरी समाजातले, आयुष्यभर खारजमिनीत भात पिकवलेले गृहस्थ. भरतीच्या पाण्याने बांधाला खांड गेली की खारे पाणी शेतात शिरते, आणि ते ओसरले तरी जमिनीतले मीठ धुऊन जायला पुढचे दोन-तीन पावसाळे लागतात, असे त्यांनी सांगितले. शेत डोळ्यांना कोरडे दिसते, पण रोप धरत नाही. कादंबरीचा मूळ नियम मला तेथे मिळाला. वेणा ज्याचा आजार उतरवते तो बरा होतो, पण जवळच्या विहिरीचे पाणी खारे होते आणि तीन पावसाळे खारेच राहते. उपकार एका माणसावर होतो आणि त्याची किंमत सारे गाव भरते.

अद्भुतरम्य लेखनात जादूला किंमत असावी, हे या साहित्यप्रकाराच्या बहुतेक वाचकांना ठाऊक असते. ती किंमत जादू करणाऱ्यानेच भरली तर गोष्ट त्यागाची होते, आणि ती दुसऱ्यांवर पडली तर गोष्ट समाजाची होते. मला दुसरी गोष्ट लिहायची होती. त्यासाठी पहिल्याच महिन्यात एक स्वतंत्र वही घातली आणि तीत फक्त नियम लिहिले. कोणत्या आजाराला किती विहिरी, वाहत्या पाण्याचे काय होते, समुद्र आधीच खारा असल्याने त्याच्या काठी वेणाची शक्ती बिनकिमतीची ठरते का, आणि ठरत असेल तर तिने समुद्राकाठीच का राहू नये, असे ते प्रश्न होते. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यातूनच कथानकाचा उत्तरार्ध उभा राहिला. लांबलचक कादंबरी लिहिणाऱ्या प्रत्येकाने अशी वही ठेवावी. तीत गावांमधली अंतरे, ऋतू, पात्रांची वये आणि भरती-ओहोटीचे वेळापत्रकही लिहावे. मी खऱ्या तिथींनुसार भरती ठेवली, म्हणजे अमावास्या आणि पौर्णिमेला उधाण आणि अष्टमीच्या सुमारास भांग (सर्वांत कमी चढणारी भरती), त्यामुळे रात्रीच्या प्रसंगांत चंद्र आणि पाणी यांचा मेळ आपोआप बसत गेला.

पहिला पूर्ण खर्डा डिसेंबर २०२३ मध्ये झाला. तो सुमारे एक लाख साठ हजार शब्दांचा होता. जानेवारी २०२४ मध्ये त्याच्या प्रती तीन वाचकांना दिल्या. त्यांपैकी एक या प्रकारची पुस्तके नेहमी वाचणारा, एक कधीच न वाचणारी, आणि तिसऱ्या वाशीत राहणाऱ्या, महाविद्यालयात मराठी शिकवून निवृत्त झालेल्या बाई, ज्यांनी पुढे संपादनाचे काम स्वीकारले. बाईंनी संहिता परत देताना पहिल्या पानावर एकच प्रश्न लिहिला होता: “लोक वेणाला घाबरतात हे तू सांगतेस, पण ते घाबरतात ते चूक की बरोबर?”

या प्रश्नावर माझे चार-पाच महिने गेले आणि ते जायलाच हवे होते. अडचण अशी होती की आपल्या राज्यात एखाद्या बाईवर करणी केल्याचा, भुताळी किंवा डाकीण असल्याचा आळ घेऊन तिला मारहाण करणे, वाळीत टाकणे, प्रसंगी जिवे मारणे, हे घडलेले आहे. सातपुड्याच्या नंदुरबार भागात आणि आमच्या शेजारच्या पालघरच्या आदिवासी पट्ट्यातही अशा घटना नोंदल्या गेल्या आहेत. त्या वास्तवात आळ नेहमीच खोटा असतो, कारण करणी नावाची गोष्टच नसते. माझ्या कादंबरीत मात्र मुलीची शक्ती खरी होती आणि विहीर खरोखर खारी होत होती. म्हणजे तिला दगड मारणारे लोक गोष्टीच्या आतल्या जगात बरोबर ठरत होते. ज्या वाचकाच्या मनात मुळातच अशी शंका आहे, त्याच्या हातात आपण पुरावा दिल्यासारखे होईल, ही बाईंची भीती मला पूर्णपणे पटली.

अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करणाऱ्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांची मी ठाण्यात भेट घेतली. त्यांनी दोन गोष्टी समजावून सांगितल्या. आळ बहुधा अशा बाईवर येतो जिच्या मागे कोणी उभे नसते, म्हणजे विधवा, एकटी राहणारी किंवा जिच्या नावावरच्या जमिनीवर कुणाचा डोळा आहे अशी, ही पहिली गोष्ट. गावात आजार आला किंवा गुरे मेली की कारण शोधण्याची घाई होते, आणि त्या घाईत भगताने दाखवलेले बोट कुणी तपासून पाहत नाही, ही दुसरी. त्यांनीच मला २०१३ चा कायदा मुळातून वाचायला सांगितले. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाल्यानंतर आधी अध्यादेश आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये विधिमंडळात मंजुरी, अशा क्रमाने आलेल्या या कायद्याला आपण सोयीसाठी जादूटोणाविरोधी कायदा म्हणतो. त्याच्या अनुसूचीत प्रतिबंधित कृत्यांची यादी आहे, आणि एखादी व्यक्ती करणी किंवा जादूटोणा करते असे भासवून तिचे जगणे कठीण करणे, हे त्या यादीत आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कारावास आणि पाच हजारांपासून पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड अशी आहे. कल्पित कथा लिहिणे म्हणजे ही कृत्ये करणे नव्हे, असे माझ्या परिचयातल्या वकिलांनीही अनुसूची वाचून सांगितले. पण कायद्याची अडचण नाही एवढ्यावर मनाचे समाधान होणार नव्हते.

मग मी कथानकात तीन बदल केले. वेणा ज्या गावात कधी गेलीच नाही तेथेही विहिरी खाऱ्या होऊ लागतात, कारण वरच्या अंगाच्या सावकाराने बांधांची डागडुजी थांबवली आहे. तरीही प्रत्येक खाऱ्या विहिरीचा दोष मुलीवरच येतो. दुसरा बदल असा, की वेणा हाती लागत नाही तेव्हा गाव दुसऱ्याच एका बाईला पकडते. तिच्या अंगी कसलीही शक्ती नाही, तिच्याकडे फक्त दोन बिघे जमीन आहे, आणि हे प्रकरण आता कादंबरीतले सर्वांत मोठे प्रकरण आहे. तिसरा बदल वेणाच्या बाजूचा आहे. आपल्यामुळे कोणत्या विहिरी गेल्या आणि कोणत्या गेल्या नाहीत, याची ती स्वतः नोंद ठेवू लागते आणि भर सभेत ती वाचून दाखवते. भीतीला कारण आहे, पण भीतीने निवडलेले माणूस आणि तिने दिलेली शिक्षा, दोन्ही चुकीची आहेत, हे आता प्रसंगांतून दिसते. बाईंच्या प्रश्नाला याहून सरळ उत्तर माझ्याजवळ नव्हते. त्यांनी दुसरा खर्डा वाचून “आता ही मुलगी मला कळली,” एवढेच म्हटले, आणि त्या दिवशी वाशीहून ठाण्याला परतताना मला पहिल्यांदा वाटले की हे पुस्तक होईल.

संपादनात शब्दसंख्या एक लाख पंचवीस हजारांवर आली. बाईंनी तीस हजार रुपये मानधन घेतले. एवढ्या कामाला ते कमी होते आणि मी तसे त्यांना सांगितलेही. ज्यांना संपादनावर खर्च करणे शक्य नाही त्यांनी निदान एक असा वाचक शोधावा जो लेखकाचा नातेवाईक नाही आणि ज्याला या साहित्यप्रकाराचे विशेष प्रेमही नाही. अद्भुताच्या चाहत्यांना अनेक गोष्टी न सांगताच समजतात, त्यामुळे कुठे स्पष्टीकरण अपुरे आहे हे त्यांच्या लक्षात येत नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये मी संहिता प्रकाशकांकडे पाठवायला सुरुवात केली. सोबत दोन पानी सारांश, पहिली तीन प्रकरणे आणि एक पानाचे पत्र असे पाठवले. संपूर्ण संहिता कुणी मागितल्याशिवाय पाठवू नये, असा सल्ला मला मिळाला होता आणि तो योग्य होता. एका प्रकाशनाकडून दोन महिन्यांनी सौजन्यपूर्ण नकार आला. लेखन आवडले, परंतु एवढ्या पृष्ठसंख्येच्या नव्या लेखिकेच्या अद्भुतरम्य कादंबरीची जोखीम घेणे शक्य नाही, असे त्यांनी लिहिले होते आणि मला त्यात काही गैर वाटले नाही. आणखी एका ठिकाणाहून उत्तरच आले नाही. एका संस्थेने मात्र आठवड्यात होकार कळवला आणि सोबत मोठ्या रकमेचे ‘पॅकेज’ पाठवले. करारनाम्याच्या मसुद्यात सर्व भाषांतील अनुवाद, श्राव्य पुस्तक आणि चित्रपटाचे हक्क कायमचे त्यांच्याकडे जाणार होते, आणि छापलेल्या प्रतींची मालकी कुणाची हे कुठेही लिहिलेले नव्हते. छपाईचा खर्च लेखकाने करायचा असेल तर हक्क आणि प्रती दोन्ही लेखकाकडे राहिल्या पाहिजेत. मी नम्रपणे नकार दिला.

नवलेखकांसाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनुदान योजना आहे, तिचीही मी चौकशी केली. तिच्यासाठी जाहिरात निघते आणि विहित मुदतीत संहिता द्यावी लागते. पहिले पुस्तक काढणाऱ्या प्रत्येकाने त्या वर्षीच्या अटी वाचून पाहाव्यात. माझ्याजवळ नोकरीतून साठवलेले पैसे होते आणि पुन्हा निर्णयाची वाट पाहण्याची मनाची तयारी उरली नव्हती, म्हणून डिसेंबरअखेर स्वतःच प्रकाशन करण्याचे ठरवले.

जानेवारी २०२५ मध्ये पहिले काम केले ते स्वामित्वहक्काच्या नोंदणीचे. ही नोंदणी बंधनकारक नाही. स्वामित्वहक्क अधिनियम १९५७ नुसार कृती निर्माण होताच हक्क निर्माण होतो आणि तो लेखकाच्या हयातीत व त्यानंतर साठ वर्षे टिकतो. नोंदणीचा उपयोग पुढे वाद झाला तर पुराव्यासाठी होतो. अर्ज स्वामित्वहक्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर करता येतो, नमुना क्रमांक १४ भरावा लागतो आणि साहित्यकृतीसाठी शुल्क ५०० रुपये आहे. अर्ज झाला की डायरी क्रमांक मिळतो आणि त्यानंतर किमान ३० दिवस हरकतींसाठी थांबावे लागते. हरकत आली नाही तर अर्ज छाननीला जातो. माझे प्रमाणपत्र यायला काही महिने लागले, पण त्यासाठी पुढची कोणतीही कामे अडली नाहीत. अप्रकाशित कृती म्हणून नोंदणी केली असेल तर प्रकाशनानंतर नोंदीत तसा बदल करून घेण्यासाठी वेगळा अर्ज करता येतो.

आपली कल्पना कुणी चोरील या धास्तीने अनेक नवे लेखक संहिता कुणालाच दाखवत नाहीत. कल्पनेवर स्वामित्वहक्क मिळत नाही, तो मांडणीवर मिळतो, हे सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या १९७८ च्या निकालात स्पष्ट केले आहे. आजार उतरवणारी आणि त्यामुळे लोकांना नकोशी झालेली मुलगी, ही कल्पना उद्या कुणीही वापरू शकेल. वेणा, तिची सात खाड्यांची भूमी आणि माझी वाक्ये मात्र वापरता येणार नाहीत. हे एकदा समजल्यावर मी पुष्कळ निर्धास्त झाले.

मुखपृष्ठासाठी नेरूळच्या एका तरुण चित्रकाराशी बोलणी झाली. मुखपृष्ठाचे पंधरा हजार आणि आतल्या नकाशाचे पाच हजार रुपये ठरले. त्याने आणलेल्या पहिल्या रेखाटनात अंधार, विजा आणि केस मोकळे सोडलेली मुलगी होती. चित्र म्हणून ते उत्तम होते, पण ते गावाच्या नजरेने काढलेले होते, आणि कादंबरी त्या नजरेच्या विरोधात उभी आहे. मी त्याला सभेचे प्रकरण वाचायला दिले. त्यानंतर आलेल्या चित्रात भर दुपारच्या उन्हात, पांढऱ्या पडलेल्या शेताच्या बांधावर हातात वही घेऊन उभी असलेली मुलगी होती. चित्रकाराला निदान दोन प्रकरणे वाचायला द्यावीत, त्यात गेलेला वेळ पुढे भरून निघतो. व्यवहाराची एक बाबही महत्त्वाची आहे. चित्राच्या हक्कांचे हस्तांतरण लेखी करून घ्यावे आणि त्यात मुदत व प्रदेश दोन्ही नमूद करावेत. कायद्याच्या कलम १९ नुसार मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर हस्तांतरण भारतापुरतेच मानले जाते. आमचा करार दोन पानांचा झाला. चित्रकाराचे नाव मुखपृष्ठामागच्या पानावर छापणे आणि मूळ चित्र त्याच्याकडेच राहणे, ही दोन कलमे मी स्वतःहून घातली.

अक्षरजुळणीचे काम मार्चमध्ये नौपाड्यातल्या एका डीटीपी करणाऱ्या ताईंकडे दिले. दर पृष्ठाला चाळीस रुपये होता. माझी संहिता युनिकोडमध्ये होती आणि त्यांच्याकडची जुनी पद्धत श्रीलिपीची, म्हणजे युनिकोडपूर्वीच्या टंकांची होती. रूपांतर करून पाहिल्यावर रफार सरकले आणि ‘खाऱ्या’ या शब्दातला अर्धा र जागोजागी तुटला. खाऱ्या पाण्याच्या कादंबरीत हा शब्द जवळजवळ प्रत्येक पानावर असल्याने दुरुस्तीचा विचारही शक्य नव्हता. ताईंनी मोठ्या मनाने संपूर्ण काम युनिकोड टंकात करण्याची तयारी दाखवली. इनडिझाइन या पृष्ठमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांसाठी वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडावा लागतो, तो निवडला की जोडाक्षरे नीट बसतात. टंक निवडताना ल आणि श ही अक्षरे मराठी वळणाची आहेत ना, हे तपासावे. राज्य मराठी विकास संस्थेने उपलब्ध करून दिलेला यशोमुद्रा हा टंक आम्ही शीर्षकांसाठी वापरला. मुद्रितशोधनासाठी पृष्ठाला वीस रुपये दिले आणि शेवटचे मुद्रित मी स्वतः कागदावर वाचले. काल्पनिक गावांची आणि माणसांची नावे कोणत्याही शब्दकोशात नसतात, म्हणून त्यांची शुद्ध रूपांची यादी नियमवहीतून काढून मुद्रितशोधकांना द्यावी.

आयएसबीएन हा पुस्तकाची ओळख पटवणारा तेरा अंकी क्रमांक भारतात राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून विनामूल्य मिळतो. ही एजन्सी केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत दिल्लीत आहे आणि सर्व काम संकेतस्थळावरून होते. लेखक स्वतः प्रकाशक असेल तर तशी नोंदणी करता येते. ओळखपत्र, पुस्तकाचे शीर्षकपृष्ठ आणि मुखपृष्ठ तयार ठेवावे लागते, म्हणून अर्ज मुखपृष्ठ पक्के झाल्यानंतर करावा. मी मे महिन्यात अर्ज केला आणि काही आठवड्यांत क्रमांक आला. हा क्रमांक मिळवून देण्याचे हजारो रुपये मागणारे मध्यस्थ मला भेटले. अर्ज संथपणे वाचून भरला तर त्यांची गरज पडत नाही. क्रमांकावरून बारकोड तयार करणारी साधने मोफत आहेत.

छपाईसाठी रबाळे औद्योगिक वसाहतीतल्या छापखान्यांतून दर मागवले. दर मागताना आकार, पृष्ठसंख्या, कागदाचे वजन, मुखपृष्ठाचा कागद, लॅमिनेशन, बांधणी आणि प्रती, हे सारे एकाच पत्रात लिहून सर्वांना सारखे द्यावे, नाहीतर तुलना होत नाही. आमचे पुस्तक डेमी आकाराचे, ७० जीएसएम (दर चौरस मीटरला ग्रॅममधले वजन) नॅचरल शेड मॅपलिथो कागदावर, ३०० जीएसएम आर्ट कार्डाच्या मुखपृष्ठाचे होते. सोळा पृष्ठांचा एक फर्मा या हिशेबाने बरोबर २६ फर्मे होत होते. पृष्ठसंख्या सोळाच्या पटीत बसवली की कागद वाया जात नाही, यासाठी ताईंनी ओळींमधले अंतर किंचित बदलून शेवटची चार पाने वाचवली होती. शंभर-दीडशे प्रती हव्या असत्या तर डिजिटल छपाई परवडली असती. पाचशे प्रतींना ऑफसेट स्वस्त पडले. परफेक्ट बाइंडिंगऐवजी, म्हणजे फक्त गोंदाने चिकटवण्याऐवजी, शिलाईची बांधणी घेतली, कारण एवढे जाड पुस्तक पूर्ण उघडून वाचताना पाने सुटू नयेत. सर्व मिळून प्रतीमागे सुमारे १७२ रुपये, म्हणजे एकूण ८६ हजार रुपये झाले.

छपाई जुलैच्या अखेरीस सुरू झाली. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात कागद हवेतला ओलावा शोषतो, त्यामुळे मुखपृष्ठे वळतात आणि गोंद वाळायला वेळ लागतो. छापखान्याच्या वयस्क फोरमननी मला कोऱ्या कागदाची डमी हातात देऊन कागदाचा तंतू कण्याला समांतर कसा ठेवतात ते दाखवले, आणि त्या डमीवरूनच कण्याची नेमकी जाडी मोजून मुखपृष्ठाची फाइल शेवटची दुरुस्त केली. “मॅडम, घाई करू नका, आठ दिवस जास्त द्या,” असे ते म्हणाले. ते दिले आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात गठ्ठे घरी आले. प्रत्येक गठ्ठ्यातली एक प्रत उघडून फर्म्यांचा क्रम तपासून घ्यावा. प्रथम प्रत हातात घेतली तेव्हा मी पहिले पान उघडले नाही, सभेचे प्रकरण उघडले आणि ते उभ्यानेच वाचून काढले.

एकूण खर्च एक लाख साठ हजारांच्या थोडा पुढे गेला. किंमत ५५० रुपये ठेवली. पुस्तकविक्रेते साधारण चाळीस टक्के सूट मागतात, म्हणजे हाती ३३० रुपये येतात. या हिशेबाने दुकानांतून जवळजवळ सगळी आवृत्ती विकली गेली तरच खर्च निघतो. थेट वाचकांना सवलतीत दिलेल्या प्रतींवर थोडे जास्त सुटतात. छापील पुस्तकांवर वस्तू आणि सेवा कर शून्य आहे, तरी छपाई, चित्रे आणि वाहतूक यांची बिले मागून घ्यावीत आणि आयकर विवरणपत्रासाठी वेगळी ठेवावीत. दुकानात प्रती विक्रीनंतर पैसे या अटीवर ठेवल्या जातात. तेव्हा प्रतींची संख्या, सूट आणि हिशेबाची तारीख लिहिलेल्या चलनावर सही घेऊनच प्रती द्याव्यात.

टपालासाठी मे २०२५ पासून सुरू झालेली ज्ञान पोस्ट ही सेवा उपयोगी पडली. तिचा दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये असा आहे, त्यावर कर वेगळा. पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचे नाव छापलेले असावे आणि आत जाहिराती नसाव्यात. आपले पुस्तक या सेवेत बसते का, हे टपाल कार्यालयाच्या खिडकीवर एक प्रत दाखवून आधी विचारून घ्यावे. आमच्या भागातल्या कार्यालयात ते स्वीकारले गेले.

प्रकाशनानंतरचे एक कर्तव्य बहुतेक स्वयंप्रकाशित लेखकांना ठाऊक नसते. १९५४ च्या ग्रंथ प्रदान कायद्यानुसार प्रकाशकाने प्रकाशनापासून ३० दिवसांच्या आत स्वखर्चाने एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला, आणि प्रत्येकी एक चेन्नईचे कॉनेमारा ग्रंथालय, दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय आणि मुंबईतल्या टाऊन हॉलमधील ग्रंथालय यांना द्यायची असते. न दिल्यास पन्नास रुपयांपर्यंत दंड आणि पुस्तकाची किंमत एवढीच शिक्षा आहे, पण मी प्रती शिक्षेच्या भीतीने दिल्या नाहीत. तीन प्रती टपालाने पाठवल्या आणि मुंबईची प्रत स्वतः नेऊन पोच घेतली. त्याच आठवड्यात १८९३ पासून चालत आलेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयालाही प्रत भेट दिली, कारण माझे बहुतेक वाचन तेथल्या पुस्तकांवर झाले आहे. शासनमान्य ग्रंथांच्या यादीसाठी आणि राज्य वाङ्मय पुरस्कारांसाठी प्रती पाठवायच्या असतील तर त्यांच्या जाहिराती व मुदतींकडे प्रकाशनाच्या वर्षातच लक्ष ठेवावे.

वाचकांची पत्रे आता हळूहळू येत आहेत. कळव्याच्या एका शिक्षिकेने लिहिले की तिच्या वर्गातली मुले वेणाच्या बाजूने आणि गावाच्या बाजूने असे दोन गट करून भांडली, आणि जमिनीसाठी पकडलेल्या त्या बाईबद्दल मात्र सर्वांचे एकमत झाले. मी ते पत्र बाईंना नेऊन दाखवले.

सध्या ई-पुस्तकाचे काम चालू आहे. छापील आवृत्तीचा आयएसबीएन ई-आवृत्तीला चालत नाही, तिला स्वतंत्र क्रमांक घ्यावा लागतो. तसा अर्ज केला आहे, आणि युनिकोडचा आग्रह धरल्यामुळे अक्षरजुळणीची मूळ फाइल रूपांतराशिवाय वापरता येत आहे. फक्त नकाशा मोबाइलच्या पडद्यावर वाचता येत नाही, म्हणून चित्रकाराला तो चार भागांत पुन्हा काढायला सांगितला आहे. करारात ई-आवृत्तीचा उल्लेख आधीच असल्याने त्यासाठी नवा कागद करावा लागला नाही, केवळ जादा कामाचे दोन हजार रुपये ठरले.